घटस्फोटातली मॉरिस

वैजयंती टिपणीसने नवरा सोडला तेव्हा माटुंग्याचा फ्लॅट, फ्रीज, दोन गोदरेजची कपाटं आणि सासूबाई हे सगळं तिकडेच राहू दिलं आणि मॉरिस तेवढी मागून घेतली. तिला गाड्यांचं काडीचं वेड नव्हतं. चालवता येत होती, एवढंच.

झालं असं की वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?" वैजयंतीने समोर पाहिलं. जयप्रकाश वकिलाशेजारी अगदी निवांत बसला होता. अकरा वर्षांचा संसार मोडत होता आणि या माणसाच्या कपाळावर साधी आठी नव्हती. वर्तमानपत्राची घडी मांडीवर, जणू दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलाय.

"मॉरिस," ती म्हणाली.

आणि मग तो रडला. रुमाल काढून, आवाज करून रडला. वकिलाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. वैजयंतीने त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. गाडी सत्तावन्न सालची, म्हणजे वैजयंतीपेक्षा एका वर्षाने लहान. पिस्त्याच्या आइस्क्रीमसारखा फिकट हिरवा रंग, बेडकासारखे दिवे, दोनच दारं. जयप्रकाश तिला 'राणी' म्हणायचा. वैजयंतीला त्याने अकरा वर्षांत 'अगं' याच्या पलीकडे काही म्हटलं नव्हतं. त्यामुळे नेरूळला नव्या भाड्याच्या घरात आल्यावर तिने पहिला ठराव केला तो हा, की या गाडीला नाव नाही. गाडी म्हणजे गाडी. वाशीच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला जायचं, परत यायचं, येताना भाजी आणायची.

दोन वर्षं हा ठराव टिकला. मग गाडी बोलायला लागली.

आधी नुसती घरघर होती. मग खाकरणं सुरू झालं. शहाण्णवच्या जानेवारीत ती सकाळी सात वाजता सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडायची तेव्हा खडी फोडायचं मशीन चालल्यासारखं वाटायचं. तळमजल्यावरच्या आजोबांनी झोपेतच दोनदा जिन्याखाली धाव घेतली. त्यांनी पासष्ट आणि एकाहत्तर ही दोन्ही युद्धं मुंबईत काढली होती. सेक्रेटरींनी टाइप केलेली नोटीस लावली: 'गाडीवजा यंत्राच्या ध्वनीमुळे सभासदांस होणाऱ्या मानसिक त्रासाबाबत.' वैजयंतीने खाली पेनाने शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि तशीच राहू दिली.

आवाजाचं तिला काही वाटत नव्हतं. वेगळ्याच गोष्टीने ती घाबरली. एका सोमवारी ती कॉलेजात पोचली, स्टाफरूममध्ये बसली, आणि प्राचार्य रविवारच्या जादा तासिकांचं महत्त्व सांगायला लागले. वैजयंतीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तुमचं म्हणणं पटतंय मला."

सगळी स्टाफरूम तिच्याकडे बघायला लागली. प्राचार्यही दचकले. त्यांना कुणाचं काही पटवून देता आल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

अर्ध्या तासाने मोकळ्या हवेत चहा पिताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गेले आठ दिवस रोज सकाळी डोकं जड, मळमळ, आणि जगात सगळं ठीक चाललंय असा एक खोटा समज. कार्बन मोनॉक्साइड! जो वायू ती बारावीच्या पोरांना फळ्यावर शिकवत होती, तोच रोज नेरूळ ते वाशी तिच्या नाकात जात होता. गाडीचा धूर मागच्या नळीतून बाहेर पडायच्या ऐवजी आत येत होता. आवाज एक वेळ सहन झाला असता. पण प्राचार्यांशी सहमत व्हायला लावणारी गाडी धोकादायक होती.

शिरवणे गावात हौसेराव मोहित्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. हौसेराव सांगली डेपोत एसटीची इंजिनं खोलण्यात आयुष्य घालवून रिटायर झाले होते आणि मुलाच्या फ्लॅटमध्ये करमत नाही म्हणून पुन्हा हात काळे करत होते. वैजयंती म्हणाली, "सायलेन्सर बदलायचाय."

"सायलेन्सरला काय झालंय?"

"आवाज येतोय ना."

"बाई, मानूस खोकतोय म्हनून त्याचं तोंड बदलत न्हाईत," हौसेराव म्हणाले आणि बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवलं, बिडी पेटवली आणि ती बिडी इंजिनाच्या कुशीत धरून हळूहळू सरकवत नेली. एका जागी बिडीचा धूर फट्-फट् करून उडाला, कुणी फुंकर मारावी तसा. "हितं हाय बघा मढं."

तिथे ओतीव लोखंडाचं, म्हणजे बिडाचं, एक नळकांडं होतं. तीन बोटं आणि एक मनगट असा त्याचा आकार. बोटं इंजिनाला चिकटलेली, त्यांतून जळालेला धूर यायचा, मनगटात गोळा व्हायचा आणि खालच्या लांब नळीतून सायलेन्सरकडे जायचा. हा मॅनिफोल्ड. मधलं बोट जिथे मनगटाला मिळतं तिथे केसाएवढी चीर होती आणि भोवती काजळ साचलं होतं.

"ही गाडी आधी कोन वापरत हुतं?"

"नवरा. आता नाही."

"गाडी न्हाई का नवरा न्हाई?"

"नवरा."

"रैवारी फिरवून आनल्यावर लगीच धुवायचा का?"

वैजयंतीला आठवलं. दर रविवारी वरळीची फेरी मारून आल्यावर जयप्रकाश शर्टाच्या बाह्या दुमडायचा, बॉनेट उघडायचा आणि बादलीने इंजिनावर पाणी ओतायचा. वाफ निघायची. तो म्हणायचा, राणीला आंघोळ घालतोय.

"मग झालं की," हौसेराव म्हणाले. "तापल्यालं बीड, त्याच्यावर गार पानी. बीड म्हंजी काचच. आज तडा गेला न्हाई तरी उद्या जातोय. लाडानं मारली बगा गाडी."

त्या वाक्यावर वैजयंती इतकी हसली की हौसेरावांना तिच्या डोक्यात अजून थोडा वायू शिल्लक आहे की काय अशी शंका आली.

बिडाला वेल्डिंग सहजी धरत नाही, हे हौसेराव तिला आधीच सांगत होते. पण नवा मॅनिफोल्ड आणायचा कुठून? म्हणून तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून डाग देऊन घेतला. तीन दिवस गाडी मांजरीसारखी चालली. चौथ्या दिवशी सोसायटीत सत्यनारायण होता. भटजी कथेतल्या बुडणाऱ्या बोटीपाशी आलेले, बायका डोळे मिटून बसलेल्या, आणि नेमकी त्या क्षणी वैजयंती फाटकातून आत आली. जुन्या चिरेशेजारी नवी चीर पडली. असा काही बार उडाला की कलशावरचा नारळ घरंगळून सेक्रेटरींच्या मांडीवर आला. भटजी प्रसंगावधानी होते. म्हणाले, "पाहा, साक्षात् प्रचिती!" बायकांनी हात जोडले. वैजयंतीला त्या दिवशी शिऱ्याचा दुप्पट प्रसाद मिळाला, पण दुसरी नोटीसही मिळाली.

मग शोध सुरू झाला. हौसेरावांनी मॅनिफोल्डचं चित्र वहीच्या पानावर काढून दिलं. वैजयंतीने ते पर्समध्ये घातलं आणि शनिवारी-रविवारी मुंबई पालथी घालायला लागली. ऑपेरा हाउसजवळच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत एका म्हाताऱ्या दुकानदाराने चित्र बघून मान हलवली. "होता ना मॅडम. मागच्या वर्षी एक साहेब घेऊन गेले."

कुर्ल्याच्या भंगारवाल्याने सांगितलं, "दोन पीस होते. एक साहेब आले, दोन्ही घेऊन गेले."

भायखळ्याला एका अंधाऱ्या गाळ्यात, जिथे छतापासून टांगलेली स्टिअरिंगची चाकं डोक्याला लागत होती, तिथलाही माणूस तेच म्हणाला. आता वैजयंतीने विचारलं, "साहेब दिसायला कसे होते?"

"चष्मेवाले. एकदम जंटलमन. पार्टला हात लावायच्या आधी रुमालाने पुसतात. आणि टेन्शनमध्ये असले की मान अशी करतात," म्हणत त्याने मान डावीकडे दोनदा झटकली.

वैजयंती त्या गाळ्यातच एका आडव्या टायरवर बसली. अकरा वर्षं ती मान तिने जेवणाच्या टेबलापलीकडे अशीच झटकलेली पाहिली होती.

त्या संध्याकाळी तिने दोन वर्षांत पहिल्यांदा माटुंग्याला फोन लावला.

"किती मॅनिफोल्ड आहेत तुझ्याकडे?"

जयप्रकाश म्हणाला, "अकरा. तू कशी आहेस?"

"अकरा मॅनिफोल्ड घेऊन तू काय करणारेस? लोणचं?"

"मला माहीत होतं, तू एक दिवस फोन करशील," तो म्हणाला. आवाजात गहिवर होता. "राणीचं ते बोट कमकुवतच आहे. कधी ना कधी जाणारच होतं. हे बघ वैजू, मी रागावलेलो नाही. तू फक्त शनिवार-रविवार तिला माझ्याकडे पाठवत जा. मी एक मॅनिफोल्ड देतो. बसवूनसुद्धा देतो."

"शनिवार-रविवार?"

"लोक मुलांचं करतात ना तसं."

वैजयंतीने फोनकडे बघितलं, मग परत कानाला लावला. "मला उरणला मिळालाय," ती म्हणाली आणि दाणकन फोन ठेवला.

हे पूर्ण खोटं नव्हतं. आदल्याच दिवशी हौसेरावांनी सांगितलं होतं की मागे मोरा बंदरावर एका लाँचचं इंजिन बघायला गेले असताना त्यांनी एका वाडीत अशीच बेडूकतोंडी गाडी पाहिली होती. चाकं नव्हती, पण बॉनेट जागेवर होतं. वैजयंतीने मात्र 'उरण' हा शब्द तोंडातून काढायला नको होता. ते तिला फोन ठेवल्यावर तिसऱ्या मिनिटाला कळलं आणि तिने स्वतःला एक अस्सल माटुंगा छाप शिवी घातली.

रविवारी सकाळी ती आणि हौसेराव निघाले. गाडीच्या सगळ्या काचा खाली. हौसेराव डावीकडून आणि वैजयंती उजवीकडून डोकं बाहेर काढून बसलेले, शुद्ध हवेसाठी. गव्हाण फाट्यापुढे बंदराच्या कंटेनरचे ट्रेलर डोंगरासारखे अंगावर येत होते, पण मॉरिसचा आवाज असा की दोन ट्रेलरवाल्यांनी मागे वळून बघत बाजू दिली. जासईत तर कुणाची तरी वरात आहे असं समजून पोरं धावत आली.

मोऱ्याला जेटीच्या अलीकडे, नारळीच्या वाडीत सुलेमान मुकादमांचं कौलारू घर होतं. सुलेमानभाई साठीचे, आयुष्यभर मोरा ते भाऊचा धक्का लाँच चालवलेले. कुणाशीही बोलताना ते क्षितिजाकडे बघत. अंगणात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांशेजारी, ती दुसरी मॉरिस उभी होती. उभी कसली, बसलेली होती. चार दगडांवर. आतल्या सीटवर कोंबड्या, छपरावर वाळत घातलेली गोधडी, एका खिडकीतून दुधी भोपळ्याचा वेल आत गेलेला.

"एकाहत्तर साली मचव्यातून आनली ही," सुलेमानभाई समुद्राला म्हणाले. "तवा खाडीवर पूल कुठं होता? भरतीला मचव्यात चढवली, भरतीलाच उतरवली. मधी एकदा कलली तवा तांडेल कलमा पढाया लागला."

"चालायची?"

"चार वर्सं चालली. मग थांबली. मी दर्याचा मानूस. थांबलेली वस्तू कशी चालू करायची ते मला नाय समजत."

हौसेरावांनी बॉनेट उचललं आणि तसेच थांबले. इंजिनाच्या कुशीत, बरोबर मॅनिफोल्डच्या वर, गवताचं घरटं करून एक काळी कोंबडी बसली होती. तिने हौसेरावांकडे असं बघितलं की डेपो मॅनेजरसमोरही न कचरलेला माणूस एक पाऊल मागे सरला.

"हात नाय लावायचा!"

ओरडत बाहेर आल्या त्या करिमुन्निसाबी, सुलेमानभाईंच्या बायको. अंगाने बारीक, आवाजाने मोठ्या, पदर खोचलेला, हातात मासे साफ करायची सुरी. "पुतळा बसलीय अंड्यावर. नऊ दिस झाले. एकवीस दिस पुरे होयापर्यंत कोन हात लावनार नाय."

"पुतळा?"

"हलत नाय ना जागची. म्हनून पुतळा."

सुलेमानभाई खाकरले. "अगो, ते लोक लांबून आलेत. कोंबडीला टोपलीत बसवू..."

"गाडी कोनाची?" करिमुन्निसाबींनी विचारलं.

सुलेमानभाई पुन्हा क्षितिजाकडे वळले. गाडी करिमुन्निसाबींची होती. त्यांच्या वडिलांनी दिलेली, आणि सुलेमानभाईंनी त्यांना पंचवीस वर्षांत कधी ती चालवू दिलेली नव्हती. चालत होती तेव्हा ते म्हणत, बाईमानसाचं काम नाय. बंद पडल्यावर म्हणायला काही उरलंच नाही. तेव्हापासून करिमुन्निसाबींनी गाडीत कोंबड्या सोडल्या होत्या आणि नवऱ्याला तिच्यात पाय ठेवू दिला नव्हता.

अजून बारा दिवस थांबायचं ठरलं. मग त्यांना जेवायला बसवलं गेलं. तांदळाची भाकरी, बोयटाचं कालवण, आणि सोबत चौकशी.

"मालक काय करतात?" करिमुन्निसाबींनी वैजयंतीला विचारलं.

"सोडला मी त्याला."

"आनि गाडी ठेवली?"

"हो."

करिमुन्निसाबींनी आधी वैजयंतीकडे, मग अंगणातल्या गाडीकडे, मग कालवण ओरपणाऱ्या सुलेमानभाईंकडे बराच वेळ बघितलं. सुलेमानभाईंना ठसका लागला.

बाराव्या दिवशी शुक्रवार होता. वैजयंतीने कॉलेजात पोट बिघडल्याचं कळवलं आणि हौसेरावांना, त्यांच्या पान्यांना आणि रॉकेलच्या डब्याला घेऊन मोऱ्याला पोचली. अंगणात पाय ठेवते तर समोर जयप्रकाश.

पांढरी पँट, चष्मा, डोक्यावर नारळाच्या झावळीची टोपी आणि हातात लांब काठी. तो बोंबलांवरचे कावळे हाकत होता. उजव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"तू इथे कशी?" तो म्हणाला, जणू हे त्याचं ऑफिस होतं.

करिमुन्निसाबींनीच सगळं सांगितलं. हा माणूस लाँचने येऊन, उरणभर गाडीचा पत्ता विचारत इथे थडकला होता. आल्या आल्या सुलेमानभाईंच्या हातात नोटा कोंबायला लागला, आणि त्या आत भाकऱ्या थापत असताना दोघांनी मिळून बॉनेट उघडलं. पुतळाने आपलं काम चोख केलं. तीन बोटं. सुलेमानभाई पळाले ते जेटीवर जाऊनच थांबले. करिमुन्निसाबींनी नोटा परत केल्या आणि जयप्रकाशला सांगितलं की पार्ट हवा असेल तर थांबायचं, आणि थांबायचं तर फुकट बसायचं नाही. "चार वेळा आला. कावळे चांगले हाकतो हो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "घरच्याला एवढं पन जमत नाय."

पिल्लं पहाटेच फुटली होती. नऊ. पुतळा त्यांना घेऊन भोपळ्याच्या वेलाखाली गेली होती आणि मॅनिफोल्ड मोकळा झाला होता. करिमुन्निसाबींनी दोघांना ओट्यावर बसवलं. त्या स्वतः खुर्चीवर बसल्या. वैजयंतीला वांद्र्याच्या कोर्टाची आठवण झाली, फक्त इथे न्यायाधीशांच्या हातात सुरी होती.

"तुमी पार्ट नेऊन काय करनार?" त्यांनी जयप्रकाशला विचारलं.

"जपून ठेवणार," जयप्रकाश म्हणाला. "तेल लावून, कागदात गुंडाळून. माझ्याकडे अजून अकरा आहेत. पलंगाखाली."

"आनि तू, बाय?"

"गाडीला लावणार. कॉलेजला जायचंय. नाहीतर मी मरेन किंवा प्राचार्यांचं ऐकायला लागेन."

"त्याला मॅनिफोल्ड गाडीला लावायचा असतो हेच माहीत नाही," वैजयंती पुढे म्हणाली, आणि मग दोन महिने पोटात ठेवलेलं वाक्य बाहेर पडलं. "तूच तोडलास तो. गरम इंजिनावर गार पाणी ओतून. दर रविवारी. विचार हौसेरावांना."

जयप्रकाशने हौसेरावांकडे पाहिलं. हौसेरावांनी मान हलवली, जरा दिलगिरीनेच. "बीड हाय ते सायेब. न्हाऊ घालायचं नसतंय त्याला."

जयप्रकाशची मान डावीकडे दोनदा झटकली. मग त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली, चष्मा काढून पुसला, परत घातला. वैजयंतीला वाटलं, आता हा रडणार. तिला ते बघायचं नव्हतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"हिला द्या," करिमुन्निसाबी म्हणाल्या. "पन मला माझ्या लेकीकडं पनवेलला न्यायचं. आजच. याच गाडीतनं. पुडच्या सीटवर."

मॅनिफोल्ड काढायला तीन तास लागले. पंचवीस वर्षांच्या खाऱ्या हवेने नटांचे गोळे झाले होते. हौसेरावांनी रॉकेल मुरवलं, स्टोव्हवर सळई लाल करून नटांना शेक दिला, हातोडीने हळूहळू टिचक्या मारल्या, मधूनमधून इंजिनाच्या आईबापांचा उद्धार केला. एक बोल्ट मोडला. बाकीचे आले. आणि तो बिडाचा तीन बोटी हात बाहेर आला तेव्हा कोंबड्यांच्या शिटेखाली अगदी धड होता. हौसेरावांनी तो दोरीला टांगला आणि पान्याने ठोकला. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ आवाज आला. "चीर न्हाई. तडकल्यालं बीड असं वाजत न्हाई."

वैजयंतीच्या गाडीवर तो चढवला. आणि तिथेच घोडं अडलं. मॅनिफोल्डचं मनगट आणि खालची नळी जिथे एकमेकांना मिळतात, तिथे दोन तुकड्यांचा एक क्लॅम्प लागतो, दोन्ही बाजूंनी गळा धरणारा. वैजयंतीच्या गाडीचा क्लॅम्प गंजून पापुद्र्याचा झाला होता. हौसेरावांनी आवळला आणि त्याचा चुरा त्यांच्या तळहातावर आला. मोऱ्याच्या गाडीला तर तो नव्हताच.

"तारेनं बांदतो, पन धूर येनार," हौसेराव म्हणाले.

छपरावर एक कावळा येऊन बसला. जयप्रकाशने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो आपल्या चामडी बॅगेपाशी गेला, चेन उघडली आणि आतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. क्लॅम्प. नवाकोरा, पितळी नटांसकट.

"हा तू बॅगेत घेऊन फिरतोस?" वैजयंतीने विचारलं.

"कधी लागेल सांगता येत नाही."

"शनिवार-रविवार मिळणार नाही तुला."

"मी मागितलं का आत्ता?" तो चिडून म्हणाला. एवढ्या वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदाच सरळ चिडला होता, आणि चिडलेला जयप्रकाश तिला शांत जयप्रकाशपेक्षा बराच बरा वाटला. "सरका हौसेराव. हा क्लॅम्प दोन्ही बाजूंनी सारखा आवळावा लागतो. नाहीतर तिरका बसतो."

आणि तो पांढऱ्या पँटीसकट, बोंबलांचं पाणी सांडलेल्या जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली शिरला. हौसेराव वरून, तो खालून. "तुमची बाजू अर्धा आटा." "आता माझी." "दम धरा, दम धरा." वैजयंती बॅटरी धरून उभी होती. तो गाडीखालून बाहेर आला तेव्हा तोंडावर काजळ, कपड्यांना मासळीचा वास, आणि चष्म्याची एक काच आरपार तडकलेली.

वैजयंतीने किल्ली फिरवली, स्टार्टरची मूठ ओढली. इंजिन सुरू झालं की नाही तेच कळेना. मग आरशात मागच्या नळीतून निळसर धुराची रेघ दिसली. हौसेरावांनी बिडी पेटवून मॅनिफोल्डजवळ धरली. बिडीचा धूर सरळ वर गेला.

"झालं," ते म्हणाले आणि उरलेली बिडी स्वतः ओढली.

गाडी इतकी शांत झाली होती की जेटीवरच्या लाँचचा भोंगा ऐकू आला. सुलेमानभाई ताबडतोब म्हणाले, "शेवटची लाँच. सायेबाला सुटली तर इथंच झोपावं लागेल." जयप्रकाशने वैजयंतीकडे पाहिलं. नेरूळपर्यंत सोडशील का, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. मागची सीट रिकामी होती, हौसेराव सोडले तर.

"लाँचने लवकर पोचशील," वैजयंती म्हणाली. मग तिला ते जरा रोखठोक वाटलं, म्हणून पुढे म्हणाली, "क्लॅम्प चांगला बसवलास."

"पन्नास-साठ मैलांनी परत एकदा आवळ," तो म्हणाला. "गार असताना." आणि करिमुन्निसाबींनी कागदात बांधून दिलेले सुके बोंबील काखोटीला मारून जेटीकडे गेला. मासळीच्या वासाने सासूबाई त्याला दारातच उभं ठेवणार होत्या, या कल्पनेने वैजयंतीला जासईपर्यंत सोबत केली.

करिमुन्निसाबी पुढच्या सीटवर नवं लुगडं नेसून, मांडीवर दोन पिल्लांची टोपली घेऊन बसल्या होत्या. लेकीच्या मुलांसाठी. बराच वेळ त्या वैजयंतीच्या पायांकडे आणि हातांकडे बघत होत्या. गव्हाण फाटा मागे पडला. पुढे सरकारने आखून ठेवलेली भावी शहरं लागली, म्हणजे सहा पदरी डांबरी रस्ते, गोल चौक, सेक्टरच्या पाट्या, आणि इमारत एकही नाही. एका म्हशीने सगळा सेक्टर व्यापला होता.

"इथं कोन नाय ना?" करिमुन्निसाबींनी विचारलं.

"म्हैस आहे."

"म्हशीला मी सांभाळते. तू उतर."

वैजयंतीने गाडी बाजूला घेतली. मागून हौसेराव म्हणाले, "बाई, क्लॅम्प नवा हाय, जरा जपून," पण तोवर टोपली त्यांच्या मांडीवर आणि करिमुन्निसाबी स्टिअरिंगसमोर आल्या होत्या. वैजयंतीने शेजारी बसून क्लच दाखवला, ब्रेक दाखवला, गिअरची काठी कुठे ढकलायची ते दाखवलं. करिमुन्निसाबींनी बिस्मिल्ला म्हणून पाय सोडला. गाडीने बेडकाची उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. हौसेरावांच्या मांडीवर पिल्लं किंचाळायला लागली. तिसऱ्यांदा गाडी पुढे सरकली, आणि सरकतच राहिली.

पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने, साठीच्या करिमुन्निसाबी त्या रिकाम्या चौकाला वळसा घालून गेल्या. थांबायचं कसं ते वैजयंतीने सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. त्यांनी दुसरा वळसा घातला. मग तिसरा. म्हैस उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"दुसरा गिअर कुठं हाय?" करिमुन्निसाबींनी विचारलं.